चौदा इंची चाकं

७ जून, शनिवार

आज जे झालं ते मीच लिहून ठेवतो, कारण घरात जो तो आपापल्या सोयीनं सांगत सुटला आहे.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक आहे. आमच्या भक्तीला त्यात उंदराचं, म्हणजे साक्षात गणपतीच्या वाहनाचं काम मिळालं आहे. दर शनिवारी पहाडगंजला तालीम असते. नातीला नेणं-आणणं हे खातं माझ्याकडे. आज परत येताना निजामुद्दीनच्या पुलावरून उतरत होतो, पुढे एक ई-रिक्षा मध्येच थांबली, मी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. गाडी थांबलीच नाही. रिक्षाच्या मागच्या दांडीला जाऊन टेकली. टेकली म्हणतो, कारण रिक्षाला साधा ओरखडाही आला नाही. भक्तीचा दात मात्र तिच्या ओठात घुसला. तिचं रक्त बघून मी रुमाल काढून तिच्या ओठाला लावला.

त्यात मागच्या गाडीतून एक तरणाबांड उतरला आणि मलाच सुनावू लागला. "अंकलजी, प्रगती मैदान से आपके पीछे हूँ. पूरे रास्ते ब्रेक मारे जा रहे हो, और जहाँ मारना था वहाँ मारा नहीं!"

म्हणजे ब्रेक मारला तरी गुन्हा आणि नाही मारला तरी गुन्हा. या शहरात लोक हॉर्न वाजवायला शिकतात, विचार करायला नाही. गेले कित्येक महिने बघतो आहे, माझ्या मागे जो येतो तो हॉर्न वाजवतो. पुढे पांढरे केस दिसले की वाजव.

संध्याकाळी जयदीप वरच्या मजल्यावरून खाली आला. आमचे चिरंजीव. बसलासुद्धा नाही. "बाबा, पुढच्या शनिवारपासून भक्ती मेट्रोनं जाईल."

मी म्हटलं, "दोष ब्रेकचा आहे."

"मग ब्रेक नीट करून घ्या. तोपर्यंत ती तुमच्या गाडीत बसणार नाही."

सूनबाई दारातच उभ्या होत्या. उत्तरा म्हणाली, "राग मानू नका बाबा, पण मला भीती वाटते." पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली, अडतीस वर्षं दिल्लीत गाडी चालवली, एक चलान नाही. आणि वर राग मानू नका!

८ जून, रविवार

त्या एका तासाचं मोल या लोकांना कळत नाही. आठवडाभर पोरगी शाळेत हिंदी-इंग्रजी, घरी कार्टून. शनिवारी गाडीत मात्र आम्ही दोघंच. फोन नाही, टीव्ही नाही. मी दर शनिवारी तिला एक मराठी शब्द देतो, ती पुढच्या शनिवारी तो वाक्यात वापरून दाखवते. गेल्या खेपेला 'खोडसाळ' दिला होता. काल जाताना तिनं वाक्य केलं, "आमची मॅथ्सची मिस खोडसाळ आहे." हे मेट्रोत होणार आहे का?

निर्णय झाला. दोष गाडीचा, तर गाडी सुधारेल. आणि नुसती दुरुस्ती नाही. असे ब्रेक बसवीन की जयदीपच्या तोंडून शब्द निघता कामा नये.

१४ जून, शनिवार

भक्ती मेट्रोनं गेली. मयूर विहारहून थेट गाडी आहे, एसी आहे, सगळं आहे. परत आल्यावर विचारलं, काय बोललात वाटेत? म्हणे, "कुछ नहीं आजोबा, मम्मा के फोन पे गेम खेला."

आमच्या सौ. विजयानं आज चहात साखर घातली नाही. विचारलं तर म्हणते, संपली. डबा उघडून बघितला. अर्धा भरलेला. या घरात आता माझ्याशी सरळ खोटं बोललं जातं.

१७ जून, मंगळवार

कश्मीरी गेटला गेलो. सरकारी नोकरीत एक गोष्ट हाडीमाशी भिनली आहे, तीन ठिकाणचे भाव घेतल्याशिवाय खरेदी नाही. पहिल्या दुकानदाराला लेखी द्या म्हटलं तर त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्यानं विचारलं, "इन्क्वायरी है क्या?" तिसरा बग्गा. धिप्पाड माणूस, तोंडात अखंड बडीशेप. त्यानं एका फाटक्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर भाव लिहून दिला आणि नाव विचारलं. गुळवणी म्हटलं. "गुलवानी साहब! सिंधी हो?" दिल्लीत येऊन चार दशकं झाली, मला अजून अर्धी दिल्ली सिंधी समजते.

बग्गानं गाडी बघितली. म्हणाला, छोट्या गाडीला कंपनी ब्रेकची छोटीच डिस्क देते. याच कंपनीच्या मोठ्या गाडीची डिस्क आणि तिला चिमटीत धरणारा कॅलिपर बसतात, "फिर देखना, गाड़ी ऐसे रुकेगी जैसे दीवार आ गई." मला हेच हवं होतं. मग म्हणाला, पण ती मोठी डिस्क तुमच्या तेरा इंची चाकात मावणार नाही. चौदा इंची चाकं लागतील. आणि चाकं बदलली की टायरही बदलावे लागणार.

मंत्रालयात याला म्हणत, उंटाला तंबूत नाक घालू दिलं. पण पटलं. अर्धवट काम मला मान्य नाही.

त्यानं ब्रेकचे जुने पॅडही काढून दाखवले. कागदासारखे झिजलेले. मागच्याच दिवाळीत बदलले होते! भेसळ कशात नाही ते सांगा.

२२ जून, रविवार

विजया हल्ली सकाळी सोसायटीच्या बागेत योगाला जाते. जाते ती जाते, तासभर येत नाही, आणि माझा चहा खोळंबतो. आज आली ती डावी पोटरी चोळत. आणि मग एकदम विचारते, "अहो, क्लच सोडला की गाडी धक्का खाऊन बंद का पडते हो?"

म्हटलं, क्लच सावकाश सोडायचा असतो, तुला काय करायच्यात नसत्या चौकशा? म्हणाली, सहज. योगाच्या वर्गात काय वाट्टेल ते विषय निघत असावेत.

५ जुलै, शनिवार

आज मेट्रोला गर्दी म्हणून तालमीला दांडी. भक्ती दुपारभर आमच्याकडे होती. मांडी घालून संवाद पाठ करत बसली होती. उठायला गेली आणि ओरडली, "आजोबा, मेरा पैर सो गया!"

म्हटलं, मराठीत सांग. तिला येईना. मग आजचा शब्द तोच दिला, पायाला मुंग्या आल्या. ती खूश. म्हणाली, "तुमच्या पायाला पण येतात मुंग्या?"

"पूर्वी यायच्या. रात्र रात्र यायच्या, सुया टोचल्यासारख्या. आता एक मुंगी येत नाही. पाय एकदम बरा झाला." ते खरंच आहे. एक गोळी न घेता बरा झाला. विजया तिथेच भाजी निवडत होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. कौतुक करायला जीभ रेटत नाही एकेकाची.

मग पाठीवर अक्षर काढून ओळखायचा खेळ झाला. मी सगळी ओळखली. क्ष सुद्धा. मग तिला लहर आली, म्हणाली आता तळपायावर. मी पलंगावर पालथा पडून राहिलो. "काढ ना," म्हटलं. "काढलं की," म्हणाली. पुन्हा काढ म्हटलं. "आजोबा, काढलं यार, दोनदा!" मी म्हटलं, "लबाड कुठली, पेन टेकवलं पण नाहीस." तर ती रडायलाच लागली. "मी चीटिंग नाही केली!" पाय आपटत वर निघून गेली.

आजकालच्या मुलांना थट्टा सोसत नाही. आईबापांनी लाडावून ठेवली आहेत.

१२ जुलै, शनिवार

काम झालं! पुढे मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर, ताजं ब्रेक ऑइल. चारी चाकं चौदा इंची अलॉयची, त्यावर रुंद टायर. गाडी बारा वर्षांची आहे असं कोण म्हणेल? नव्या नवरदेवासारखी दिसते. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं सलाम ठोकला. सोसायटीतला एक पोरगा म्हणाला, "अंकल, रेस लगानी है क्या?" मी लक्ष दिलं नाही.

सरकार म्हणतं, पंधरा वर्षं झाली की पेट्रोलची गाडी दिल्लीत चालवायची नाही. का? वय झालं म्हणून! गाडी कशी आहे, कुणी जपली आहे, ते बघायचं नाही. उद्या हाच नियम माणसांना लावतील.

विजयाला घेऊन अक्षरधामपर्यंत चक्कर मारली. पेडलला नुसता स्पर्श केला की गाडी जागच्या जागी. दोनदा तिचं डोकं पुढे आलं. म्हटलं, बघितलंस? म्हणाली, "बघितलं. पण तुम्ही ब्रेक मारायचं ठरवलं होतं का आत्ता?"

"म्हणजे?"

"पुढे कुणीच नव्हतं हो."

चाचणी अशीच घ्यायची असते, हे तिला कोण समजावणार. एक त्रुटी आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. बग्गाला फोन केला, तर म्हणे, "तो पूरा मत काटो." वा रे उपाय!

जयदीपनं गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, "बाबा, महिनाभर चालवून बघा. मग भक्तीचं ठरवू." लेखी दे म्हटलं. हसला.

१९ जुलै, शनिवार

कोपर्निकस मार्गावर माझ्या जुन्या मित्राकडे, भाऊसाहेबाकडे गेलो. तिथल्या महाराष्ट्र सदनात उभी नोकरी झाली त्याची, निवृत्त झाला तरी जुन्या लोकांत बसायला येतो. गाडी दाखवायची हा हेतू. पायऱ्या चढून वर गेलो तर तो माझ्या पायांकडे बघतच राहिला. "अरे, दुसरी चप्पल कुठाय तुझी?"

खरंच, उजव्या पायात चप्पल नव्हती. त्या तापलेल्या फरशीवरून मी एवढा चालत आलो होतो. परत जाऊन बघितलं तर ती गाडीत, ब्रेकच्या पेडलखाली अडकलेली. ती चप्पल गेल्याच महिन्यात घेतली आहे. पट्टा ढिला करून विकतात लेकाचे.

भाऊसाहेब म्हणाला, "एकदा शुगर तपासून घे रे. माझ्या मेव्हण्याचं असंच सुरू झालं होतं."

याच्या मेव्हण्याचा आणि माझ्या चपलेचा काय संबंध? गाडीबद्दल चकार शब्द बोलला नाही. मत्सर. दुसरं काय.

२१ जुलै, सोमवार

विजयानं माझा पाय धरून ठेवला आणि टॉर्च लावून तळवा बघत बसली. म्हणाली, टाचेजवळ फोड आहे, फुटलाय, दुखत नाही का? म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे दुखायला? तिनं डोळे पुसले. फोडासाठी रडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

डॉक्टरची वेळ घेऊ का, म्हणाली. मुळीच नको, म्हटलं. जो उठतो तो मला तपासायला निघतो. गाडीला इतकी माणसं लागली असती तर ब्रेक बारा वर्षांपूर्वीच सुधारले असते.

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तेच. गाडी थोडी चालली की जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. नवे ब्रेक! काल गाडी उभी करून चाकाकडे बोट नेलं तर विजया ओरडली, "हात लावू नका, धग येतेय!" पेट्रोलही बेसुमार लागतं. पंपावर माप मारतात यात शंका नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

बग्गाला आज त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. खराब माल माझ्या गळ्यात मारलास, ग्राहक मंचात खेचीन, म्हटलं. त्यानं बडीशेप चघळत चाक काढलं. डिस्क निळी पडली होती. नवे पॅड निम्मे झिजलेले. मग दार उघडून माझ्या पेडलांकडे वाकून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुलवानी साहब, ब्रेक पे पाँव रख के गाड़ी चलाते हो क्या?"

माझं रक्त उसळलं. म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून चालवतोय.

"तो ये रबर देखो ना. ब्रेक का एक ही किनारा घिसा है, रेस की तरफ़ वाला. पैर का आधा पंजा यहाँ पड़ा रहता है. छोटी गाड़ी है, पैडल पास-पास हैं. आप रेस भी दबाते हो, ब्रेक भी. आपको पता नहीं चलता?"

पत्ता नाही म्हणे! माझा पाय कुठे आहे ते मला कळत नाही? आणि लगेच म्हणतो, दुसरे पॅड दाखवू का, इम्पोर्टेड. म्हणजे बघा. आधी गिऱ्हाइकाच्या पायात खोट काढायची, मग माल खपवायचा.

घरी आल्यावर विजयाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती तरी चिडेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण समजा, खरं असलं तर?"

बायकोनं तरी बाजू घ्यावी की नाही?

७ ऑगस्ट, गुरुवार

आता पुराव्यानिशीच बोलायचं. पाय ब्रेकवर असेल तर मागचे लाल दिवे पेटलेले दिसतील. नसेल तर नाही. जयदीपला फर्मावलं, रविवारी माझ्या मागे गाडी घेऊन ये, उत्तराला फोनवर व्हिडिओ काढू दे. तो व्हिडिओ बग्गाच्या नाकासमोर धरीन.

जयदीपनं आधी उत्तराकडे बघितलं. मग म्हणाला, "बाबा, नक्की काढू?"

"नक्की म्हणजे काय? आदेश समज."

१० ऑगस्ट, रविवार

मयूर विहारपासून निजामुद्दीनच्या पुलापर्यंत गेलो आणि परत. मी अगदी जपून चालवली. ब्रेक मोजून मारले.

व्हिडिओत दिवे पूर्ण वेळ लाल आहेत. जाताना लाल, येताना लाल. मोकळ्या रस्त्यावरही लाल.

उत्तरानं पाणी आणून दिलं. मला ते पाणीच जास्त झोंबलं. मी म्हटलं, ब्रेकच्या दिव्याचा स्विच खराब आहे. असतो. जयदीप म्हणाला, "हो, असू शकतं बाबा." लहान मुलाची समजूत काढावी तसं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

स्विच बदलला. नवाही खराब निघाला.

१८ ऑगस्ट, सोमवार

जयदीपनं सांगितलेला महिना उलटून गेला. त्याला आठवण करून दिली. म्हणाला, "बाबा, प्लीज." नुसतं प्लीज. ना हो, ना नाही. फाइल अशीच दाबून ठेवतात. नकार द्यायची हिंमत नसली की फाइल कपाटात.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज शेवटची तालीम होती, रंगीत तालीम. जयदीप कामासाठी चंदीगडला गेलेला. उत्तराला सकाळपासून ताप. विजया म्हणाली, "मी नेते तिला मेट्रोनं." मी म्हटलं, काही गरज नाही, दारात गाडी उभी आहे. ती काही बोलायच्या आत किल्ली उचलली, भक्तीचा हात धरला आणि खाली आलो. होय, जयदीपला न विचारता. माझी नात आहे, काही कुरिअर नाही.

गाडीचं दार उघडलं. भक्ती तशीच उभी. उंदराची शेपटी हातात, पाठीवर सॅक.

"बस."

"नाही बसणार."

"का? घाबरतेस?"

"घाबरत नाही. तुम्ही मला लबाड म्हणालात. तेव्हा. पायावर लिहायच्या वेळी." तिचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. "मी खरंच लिहिलं होतं. तुम्ही सॉरी नाही म्हणालात."

दीड महिना ही पोर ते मनात धरून बसली होती. मला हसूही आलं आणि उशीर होतोय म्हणून चीडही. म्हटलं, "बरं बाई, आत्ता लिही. आत्ताच्या आत्ता ओळखून दाखवतो. मग बसशील?" ती म्हणाली, बसेन. मी चालकाच्या जागेवर आडवा बसलो, उजवा पाय बाहेर काढला, बूट-मोजा काढला, डोळे मिटले. तिनं सॅकमधून उंदराच्या मिशा रंगवायचं काळं स्केचपेन काढल्याचा आवाज आला.

मी वाट बघत राहिलो. "लिही पटकन, तालीम सुरू होईल."

"लिहिलं."

"भक्ती, आता मात्र..."

"आजोबा, बघा ना," ती म्हणाली. चिडून नाही. घाबरून म्हणाली. "तुम्ही बघा ना."

पाय उचलून गुडघ्यावर घेतला. टाचेपासून बोटांपर्यंत, ठळक अक्षरांत, तिचं नाव. भक्ती. ती दीर्घ वेलांटी तिनं अंगठ्यापर्यंत नेली होती. टाचेशी फोडाची खपली. तिच्याही वरून पेन गेलं होतं.

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोटाला पाय लागत होता. पायाला बोट लागत नव्हतं. नखानं दाबलं. चिमटा काढला. कुणा दुसऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसल्यासारखं.

याच पायानं ब्रेक मारत होतो. शेजारी तिला बसवून.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे. "आजोबा, रडू नका ना. सॉरी नका म्हणू, चालेल," भक्ती म्हणत होती. मी सॉरी म्हटलं. आणि लबाड तू नव्हतीस, असंही म्हटलं. ते म्हणायला हवं होतं.

वर बघितलं तर विजया समोर. केव्हा खाली आली, काय काय बघितलं, देव जाणे. मी म्हटलं, "मेट्रोनं जा तुम्ही. मी नेऊ शकत नाही."

"मेट्रो कशाला? उशीर होईल." तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या. आणि तुम्ही तिकडून बसा."

तिनं पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. तिचा फोटो. नवं कोरं.

"योगा?" मी म्हटलं.

"योगाच," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलून उपयोग होईना. म्हटलं, निदान गाडीशी बोलायला शिकावं."

म्हणजे जूनपासून! बासष्टाव्या वर्षी ही बाई माझ्या नाकाखाली गाडी शिकली, परीक्षा दिली, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊसाहेबालासुद्धा असेल! माझ्यावर असा अविश्वास? मी तिथेच तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "भांडू, पण वाटेत भांडू. बेल्ट लावा."

एवढी हळू गाडी चालवणारी व्यक्ती दिल्लीत दुसरी नसेल. पुलावर सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला ती आधी मनात श्लोक म्हणत असावी. मी दोनदा "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडलो आणि माझा उजवा पाय जमिनीत दाबत राहिलो. दाबला असावा. गुडघा हलला त्यावरून कळलं. एकही हॉर्न वाजला नाही असं नाही, वाजले, पण ते तिच्या हळूपणासाठी होते. मागे भक्ती शेपटी हलवत संवाद म्हणत होती, "बाप्पा, घट्ट धरून बसा, या गल्लीत मांजर आहे!"

प्रगती मैदानापाशी एक स्कूटरवाला सिग्नल तोडून आडवा आला. विजयानं ब्रेक मारला. गाडी जिथल्या तिथे थांबली. भिंत आल्यासारखी. ना घसरली, ना वास, ना धक्का. भक्तीचा संवादसुद्धा तुटला नाही. स्कूटरवाला आमच्याकडेच रागानं बघून निघून गेला.

विजयानं तळहात पुसून पुन्हा गिअर टाकला. जरा वेळानं म्हणाली, "ब्रेक छान आहेत हो."

"मग!" म्हटलं. "सांगत काय होतो मी?"

परत येताना मीच भाऊसाहेबाला फोन लावला आणि त्याच्या मेव्हण्याचा डॉक्टर कोण ते विचारलं. त्यानंही खवचटपणा न करता नंबर दिला, हे नमूद करतो. सोमवारची वेळ मिळाली आहे. जयदीपचा चंदीगडहून फोन आला तेव्हा मीच त्याला सांगितलं, फाइल निकाली निघाली.

विजया म्हणते, पाय साबणानं धुऊन टाका, डॉक्टर काय म्हणतील. मी म्हटलं, राहू दे सोमवारपर्यंत. पस्तीस वर्षांत सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिवाय मी एक कागद पुढे पाठवला नाही. डॉक्टरांनी विचारलं तर सांगीन, सही आमच्या नातीची आहे.